थेंबही न गळणारा नळ

स्वयंपाकघरातल्या नळाची मूठ निखळून धुवायला घेतलेल्या डाळीत पडली आणि गुंडूरावांचं वय एकदम वीस वर्षांनी कमी झालं. सगळा घोळ इथून सुरू झाला.

इंदिराबाईंनी खरं तर ती मूठ डाळीतून काढून चटकन पदराखाली घेतली होती. नवऱ्याला सुगावा लागायच्या आत ती परत नळावर बसवायची आणि गप्प राहायचं, असा त्यांचा बेत. पण चामराजपेटातलं ते घर केवढंसं! दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीत आंघोळ करून बसलेले गुंडूराव. एरवी बायकोने चार हाका मारल्या तरी या माणसाला ऐकू जात नाही. लोखंडापितळेचा आवाज मात्र बरोबर जातो.

"काय पडलं?"

"काही नाही हो. चमचा."

"चमचा असा वाजत नाही. पितळ आहे ते," म्हणत गुंडूराव स्वयंपाकघराच्या दारात हजर. "बघू, हात बघू."

इंदिराबाईंनी मूठ दाखवली. दुसरं काय करणार?

"अगं, नळ मोडला आणि सांगत नाहीस?"

"मोडला नाही, ढिला झालाय. राहू दे तसाच. मला चालतो."

"ढिला? माझ्या घरात?"

झालं! गुंडूराव आयुष्यभर यंत्रांच्या कारखान्यात फिटर होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरात आवळण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. खुर्च्यांचे स्क्रू आवळले, कुकरच्या दांड्या आवळल्या, संडासाच्या दाराची कडी अशी आवळली की गौरीच्या हळदीकुंकवाला आलेली एक बाई आत अडकून रडायला लागली. ढिलं ते वाईट आणि घट्ट ते चांगलं, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं, आणि ते पुरेसं आहे अशी त्यांची खात्री होती. प्लंबर बोलवायचा म्हटलं की त्यांना कुणीतरी आईवरून शिवी दिल्यासारखं वाटायचं.

स्वयंपाकघरातला नळ एवढे दिवस त्यांच्या तावडीतून सुटला होता तो इंदिराबाईंच्या सोवळ्यामुळे. पारोशाने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पारोशा हाताने नळाला शिवायचं नाही, हा इंदिराबाईंचा नियम. सासूकडून घेतलेला, पण सासूपेक्षा कडक. गुंडूरावांची आंघोळ पेपर संपल्यावर, म्हणजे नऊला. तोवर पाणी भरणं, कणीक, आमटी, सगळं होऊन गेलेलं असायचं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून हे असंच चाललं होतं. आणि आता बघा, नळ नेमका पेपर संपल्यावर, आंघोळ झाल्यावर मोडला. नशीब म्हणतात ते हे.

खरी गोष्ट अशी, की तो नळ ढिला होता म्हणूनच इंदिराबाईंचा स्वयंपाक चालला होता.

वर्षभरापासून त्यांची बोटं ऐकेनाशी झाली होती. आधी उजवा अंगठा, मग त्याच्या शेजारची दोन, आणि आता डावी बाजूही. सकाळी उठलं की हाताची मूठ मिटता मिटत नसे. लाटणं चाले, कारण पोळी तळव्याने लाटतात. ढवळणं चाले, विळीवर चिरणंही कसंबसं चाले. पण धरून पिळायचं म्हटलं, बरणीचं झाकण, ओला पंचा, नळाची मूठ, की अंगठ्याच्या बुडातून अशी कळ निघे की डोळ्यांपुढे काजवे चमकत. नळ मात्र ढिला होता. तळहाताची कड टेकवून ढकललं की मूठ गर्रकन फिरायची. थोडं पाणी मानेशी झिरपायचं, झिरपू दे! त्याखाली त्यांनी वाटी ठेवली होती आणि वाटीतलं पाणी तुळशीला घालत होत्या.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, शेजारी नाही, आणि मुलाला तर मुळीच नाही. कारण ठकुबाई.

ठकुबाई त्यांची थोरली नणंद. राहायची दोन गल्ल्या सोडून. हुळीच्या आमटीपासून पुरणपोळीपर्यंत तिच्या हातचं खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून परत यायचा. तिचे गुडघे गेले. मुलांनी फार प्रेमाने, अगदी डोळ्यांत पाणी आणून, तिला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं, आणि इथली भांडी कुठल्याशा मठाला देऊन टाकली. इंदिराबाई तिला भेटायला गेल्या होत्या. ठकुबाई सोफ्यावर बसली होती, टीव्ही चालू होता, आणि कामाला ठेवलेली मुलगी येऊन तिला कानडीत विचारत होती, "अज्जी, कॉफी कुडीतीरा?" स्वतःच्या मुलांच्या घरात ठकुबाईला कॉफी घेणार का विचारतात! इंदिराबाई कॉफी न घेताच उठल्या.

आणि त्यांचा स्वतःचा प्रदीपकुमार काय कमी प्रेमळ होता? इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, तिथंच घर, बायको मेघाश्री गुणी. दर रविवारी जेवायला यायचा आणि हात पुसता पुसता म्हणायचा, "आई, अजून किती दिवस हे करणार? तिकडे या ना दोघं." कारण मिळण्याचा अवकाश होता. आईच्याने नळ उघडत नाही, याहून मोठं कारण कोणतं हवं? मग ही शेगडी, हे डबे, पहाटेची ही एकटीची दोन तासांची सत्ता, सगळं गेलं. जीव गेला तरी चालेल, पण सोफ्यावर बसायचं नाही, हे इंदिराबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून गुंडूराव स्कूटर काढून सामान आणायला निघाले तेव्हा त्या मुकाट्याने मागे बसल्या.

"तू कशाला?"

"मला हिंग घ्यायचाय."

मार्केटच्या गर्दीत मंजुनाथचं हार्डवेअरचं दुकान होतं. गुंडूराव त्याचं रोजचं गिऱ्हाईक, घेणं कमी आणि शिकवणं जास्त असं. मंजुनाथने मूठ हातात घेऊन बघितली आणि हसला.

"अण्णा, हे मॉडेल आता कोण ठेवतं? लिव्हरवाला घ्या. हा बघा, आडवी दांडी. बोट लावलं की उघडतो."

त्याने नळ काउंटरवर ठेवला. इंदिराबाईंनी सहज म्हणून हात लावला. दांडी लोण्यासारखी वर गेली. त्यांनी ती खाली ढकलून परत एकदा उचलली.

"अहो, हाच घेऊ या," त्या म्हणाल्या. "छान दिसतोय."

"दिसायला काय करायचंय? नळ काय देव्हाऱ्यात ठेवायचाय?"

"मंजुनाथ म्हणतोय ना चांगला आहे म्हणून."

"मंजुनाथ विकायला बसलाय. ही खेळणी आहेत, इंदू. आपला नळ अस्सल पितळ आहे. त्याला नवीन वॉशर, मानेत नवीन दोरा आणि टेप, वर एक चांगला स्क्रू. मी आवळतो, मग बघ."

काय सांगणार? 'मला हवाय' म्हणावं तर 'का' म्हणून विचारणार. 'का'चं उत्तर दिलं की संपलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इंदिराबाई चमकत्या दांडीकडे बघत उभ्या राहिल्या आणि मंजुनाथने ती परत खोक्यात घातली. हिंग घ्यायचा तर राहूनच गेला, आणि त्याचीही बोलणी त्यांनाच खावी लागली.

दुपारभर गुंडूराव नळाशी भिडले होते. पाना, पकड, तोंडात दोरा, कपाळावर चष्मा. वरच्या टाकीचा कॉक बंद करायला स्वतः गच्चीवर जाऊन आले. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! इंदिराबाई दाराशी बसून शेंगा सोलत होत्या, आणि पान्याचा एकेक आटा बसत होता तसा त्यांचा जीव वर येत होता.

"बास की हो आता. जास्त आवळू नका."

"जास्त आवळलं असं कधी नसतं." शेवटचा हिसका देऊन गुंडूराव बाजूला झाले. "ये. एक थेंब दाखव. दाखवच!"

थेंब कुठला गळतोय. नळ असा गप्प झाला होता, की जन्मात त्यातून पाणी आलंच नसावं. नवऱ्याचा चेहरा इतका खुलला होता, की इंदिराबाईंना वाईट बोलवेना. "छान झाला," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन देवापुढे पाच मिनिटं नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी नळाला हात घातला. मूठ हलली नाही. तळहाताची कड लावून ढकललं, हलली नाही. ओलं फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा केसभर हलली, आणि अंगठ्यातून अशी आग उठली की त्या मटकन खाली बसल्या. मेल्या! पितळेच्या! त्यांनी नळाला अशा शिव्या दिल्या, की त्या दिल्यावर त्यांनाच देव्हाऱ्याकडे बघून हात जोडावे लागले. मग कोपराच्या आतल्या बाजूत मूठ पकडून अख्ख्या अंगाने झुकल्या, तेव्हा कुठे चुळभर धार आली. आमटीला पाणी न्हाणीघरातल्या बादलीतून तांब्या-तांब्याने आणलं.

असे बरेच दिवस गेले. पहाटेचा एवढाच त्रास असता तर सोसला असता, पण दिवसभर नाटक. गुंडूराव हात धुवायला आले की त्या मागे पातेलं घेऊन उभ्या, "सोडलाच आहे तर हेही भरू दे." त्यांनी नळ बंद करायला हात नेला की "राहू दे, मी करते," आणि मग केलाच नाही तर "पाणी वाया घालवतेस! कावेरीचं पाणी आहे!" म्हणून ओरडा. आणि वर तो रोजचा प्रश्न, नळाकडे लाडाने बघत, "काय, गळतोय का?" त्या वेळी इंदिराबाईंना वाटे, पाना घ्यावा आणि नळाच्या नाही, नवऱ्याच्याच डोक्यात घालावा.

आणि एका सकाळी त्यांचं सगळंच बळ सरलं. रात्रभर हात ठणकला होता. कुकर लावायचा होता आणि न्हाणीघरातली बादली रिकामी होती, तिथला नळही पिळूनच उघडायचा. बाहेर गुंडूराव पेपर उघडत होते, तोंडही न धुतलेले.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा आत येऊन नळ सोडता का?"

गुंडूरावांनी पेपर खाली घेतला. "मी? अजून आंघोळ व्हायची आहे माझी."

"चालेल."

"चालेल?"

"एकदा सांगितलं ना, चालेल म्हणून! हातात पीठ आहे माझ्या."

हातात पीठ नव्हतं. गुंडूराव आले, उंबरठ्यावर जरा घुटमळले, नळ सोडला आणि बाहेर गेले. इंदिराबाईंना वाटलं, सुटले. पुरुषांना काय कळतंय!

त्याच आठवड्यात शनिवारी त्या भाजी घेऊन परत आल्या, तर नळ गळत होता. मानेशी पाणी झिरपत होतं, टप टप टप. खाली कुणीतरी वाटी ठेवली होती. त्यांनी तळहाताची कड लावली आणि मूठ गर्रकन फिरली. इंदिराबाईंना नाचावंसं वाटलं. मग त्यांना एवढ्या दिवसांचा राग आठवला आणि त्या बाहेर आल्या.

"हो का! थेंब दाखव म्हणत होता ना? या, दाखवते! एवढं सामान, एवढी दुपार, आणि पंधरा दिवस टिकलं नाही. फिटर म्हणे! मंजुनाथ हसेल, मंजुनाथ!"

गुंडूराव उलटून काहीतरी बोलतील म्हणून त्या थांबल्या. पण ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "होतं असं कधीकधी." इंदिराबाईंना जरा चुकल्यासारखं वाटलं. भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर देतात का कुणी?

रविवारी प्रदीपकुमार जेवायला आला. हात धुवायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच ओरडला, "अप्पा, नळ गळतोय! तुम्ही घरात असताना?"

गुंडूराव पाटावर बसत होते. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, आणि मग सावकाश म्हणाले, "जमत नाही आता. बोटांत जोर राहिला नाही माझ्या. तू असं कर, तो आडव्या दांडीचा नळ असतो ना, तुझ्याकडे आहे तसा, तो आणून बसव. त्याला जोर लागत नाही. कोपरानेसुद्धा उघडतो."

इंदिराबाई भात वाढत होत्या. त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. कोपराने नळ उघडताना या जगात एकच बाई धडपडत होती, आणि ती पहाटे, एकटी. म्हणजे या माणसाने बघितलं होतं. दारात उभं राहून बघितलं, आणि मग आपल्या हाताने, ज्याने जन्मभर एक थेंब गळू दिला नाही त्या हाताने, नळ ढिला करून ठेवला. आणि त्यावर मी त्याला फिटर म्हणे, फिटर म्हणे करून हिणवलं! नवरा मान खाली घालून वरणभात कालवत होता.

प्रदीपकुमार मात्र घास हातात धरून बघत राहिला होता. "बोटांत जोर नाही म्हणजे? केव्हापासून? अप्पा, मग स्कूटरचा क्लच कसा दाबता? ब्रेक कसा दाबता, या मार्केटच्या ट्रॅफिकमध्ये?"

"दाबतो कसातरी."

"कसातरी? नाही, हे नाही चालणार. स्कूटर मी आज घेऊन जातो. कुठं जायचं असेल तेव्हा मला सांगा, मी रिक्षा बुक करून देईन."

गुंडूरावांचं जेवण थांबलं. स्कूटर म्हणजे त्यांचं मार्केट, मंजुनाथचं दुकान, संध्याकाळचे जुने कारखान्यातले दोस्त. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाले, "घेऊन जा. किल्ली खिळ्याला आहे."

"किल्लीला हात लावायचा नाही!" इंदिराबाई एवढ्या जोरात ओरडल्या की भाताचं पातेलं हातातून निसटून जमिनीवर आदळलं. "त्यांच्या बोटांना काही झालेलं नाही. खोटं बोलतात ते! हात माझे गेलेत. माझे! वर्ष झालं. नळ उघडत नाही माझ्याच्याने, झाकण उघडत नाही, पंचा पिळत नाही. झालं? कळलं आता सगळ्यांना?"

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. प्रदीपकुमार उठून आईजवळ आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ठकुबाईच्या मुलांच्या चेहऱ्यावर होतं तेच प्रेम होतं.

"आई, वर्षभर? आणि सांगितलं नाहीस? बास, आता हे बंद. तुम्ही दोघं तिकडे चला. आमच्याकडे सगळे नळ तसेच आहेत, तुला काही त्रास..."

"सगळे तसेच आहेत ना?"

"हो."

"मग मला उचलून तिकडे नेण्यापेक्षा त्यातला एक इकडे आण. नळ माझ्यापेक्षा हलका आहे."

"आई, प्रश्न नळाचा नाही. स्वयंपाक कसा..."

"तुझ्या पानात ही पोळी आहे ती कुणी लाटली? कच्ची आहे? वातड आहे? पोळी तळव्याने लाटतात, प्रदीप, बोटांनी नाही. आधी नळ बसव. ज्या दिवशी मला लाटता येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः फोन करून सांगेन. लपवणार नाही. पण तोवर मला कुणी कॉफी विचारायला आलं, तर बघा!"

प्रदीपकुमार परत पाटावर बसला. तो पटून बसला की नुसताच दमून, हे कळायला मार्ग नव्हता. "डॉक्टरकडे तरी चलशील?" त्याने विचारलं. "स्वल्प तरी ऐक माझं." "डॉक्टरकडे येईन," इंदिराबाई म्हणाल्या, आणि सांडलेला भात गोळा करायला खाली वाकल्या. बोटांनी शीत उचलता येईना. आज त्यांनी ते लपवलंही नाही, तळहाताने भात ओढला.

गुंडूराव एवढा वेळ धुमसत होते. आता उसळले. "तोंड बंद ठेवता येत नाही तुला! जन्मात एकदा खोटं बोललो, नीट जमवून आणलं होतं सगळं, त्यावर पाणी ओतलंस."

"आणि स्कूटर?"

"गेली असती तर गेली असती! तुला कुणी विचारलं होतं मधे पडायला?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं, तीच तर गोष्ट आहे!"

गुंडूराव पानावरून उठले, खरकट्या हाताने बायकोसमोर खाली बसले आणि डाव्या हाताने शितं गोळा करू लागले. मान वर न करता, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "फार दुखतं का गं?"

इतक्या महिन्यांत हे विचारणारं पहिलं माणूस. इंदिराबाईंना 'नाही' म्हणायची इतकी सवय झाली होती, की तो शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

"सकाळी फार दुखतं," त्या म्हणाल्या, आणि मुलासमोर, भर जेवणावर त्यांना रडू फुटलं.